शपथेआधी सिनेटची जागा सोडताना राजीनाम्यावर तारीख कोणती टाकायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बराक ओबामा ४ नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले. शपथविधी २० जानेवारी २००९ ला होता. तरी १६ नोव्हेंबरलाच त्यांनी सिनेटची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाची, जागा सोडली. कायद्याने त्यांना ते भाग होतं का? भाग असेल, तर त्यांच्याबरोबर उपाध्यक्षपदी निवडून आलेले जो बायडन जानेवारीच्या मध्यापर्यंत सिनेटर कसे राहिले? आणि आपल्याकडे असा नेता दोन्हीकडे बसू शकतो का?

माझं सगळं आयुष्य विधिमंडळाच्या कामकाजात गेलं. राजीनाम्याचं पत्र टेबलावर आलं की त्यातलं कारण मी सर्वांत शेवटी वाचतो, आधी तारीख बघतो. तारखेच्या एका ओळीवर पुढचं बरंच काही अवलंबून असतं: रिकामी जागा कोण भरणार, कधी भरणार, आणि तोपर्यंतच्या मतदानात कुठल्या बाजूचं एक मत कमी होणार. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तरही तारखेतच आहे.

आधी कायदा. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाचं सहावं कलम सांगतं की संघराज्याच्या सेवेतलं पद धारण करणारी व्यक्ती ते पद हाती असेपर्यंत काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कुठल्याही सभागृहाची सदस्य असू शकत नाही. इथे महत्त्वाचं आहे ते 'पद धारण करणारी'. निवडून येणं म्हणजे पद धारण करणं नव्हे. विसाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे नव्या अध्यक्षाची मुदत २० जानेवारीला दुपारी बारा वाजता सुरू होते. त्या क्षणाच्या आधी निर्वाचित अध्यक्ष घटनेच्या दृष्टीने कुठल्याच पदावर नसतो, त्यामुळे तोवर त्याने सिनेटमध्ये बसायला, भाषण करायला, मत द्यायला काहीच आडकाठी नाही. म्हणजे ओबामांना नोव्हेंबरात बाहेर पडणं भाग नव्हतं. कायदा फक्त शेवटची वेळ सांगतो. त्याआधीचे अडीच महिने नेत्याच्या मर्जीवर सोडलेले आहेत.

ही मर्जी कशी वापरली जाते, ते बघायला जुनी उदाहरणं घेऊ. सिनेटमधून थेट अध्यक्षपदावर गेलेले आजवर तिघेच: १९२० साली वॉरन हार्डिंग, १९६० साली जॉन केनेडी आणि २००८ साली ओबामा. यातल्या पहिल्या दोघांच्या तारखा शेजारी ठेवल्या की सगळा प्रकार उघड होतो.

हार्डिंग ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर. त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरवलं ते जेम्स कॉक्स यांना, आणि हे कॉक्स त्या वेळी ओहायोचेच गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, होते, पक्षाने डेमोक्रॅट. सिनेटरची जागा मध्येच रिकामी झाली की बहुतेक राज्यांत ती तात्पुरती भरण्याचा अधिकार गव्हर्नरला असतो. सतराव्या घटनादुरुस्तीने १९१३ पासून राज्यांच्या विधिमंडळांना तशी मोकळीक दिली आहे. आता बघा, हार्डिंग यांनी नोव्हेंबरात राजीनामा दिला असता, तर त्यांची जागा भरण्याचा हक्क त्यांनी नुकत्याच हरवलेल्या माणसाकडे गेला असता. म्हणून ते थांबले. निर्वाचित अध्यक्ष असतानाच डिसेंबरात सिनेटमध्ये येऊन त्यांनी भाषणही केलं. जानेवारी १९२१ मध्ये कॉक्स यांची मुदत संपली, रिपब्लिकन हॅरी डेव्हिस गव्हर्नर झाले, आणि त्यानंतर काही दिवसांतच, १३ जानेवारीला, हार्डिंग यांनी जागा सोडली. डेव्हिस यांनी लगेच फ्रँक विलिस यांना नेमलं. विलिस हे मार्चपासूनच्या पुढच्या मुदतीसाठी निवडून आलेलेच होते, त्यामुळे त्यांना इतर नवख्या सिनेटरांच्या काही आठवडे आधी सभागृहात बसता आलं. ज्या सभागृहात समित्यांमधलं स्थान ज्येष्ठतेवर ठरत असे, तिथे काही आठवड्यांनाही मोल होतं.

केनेडींचं नेमकं उलटं. ते मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट. तिथले गव्हर्नर फॉस्टर फर्कोलो त्यांच्याच पक्षाचे होते, पण त्यांची मुदत जानेवारी १९६१ च्या सुरुवातीला संपत होती आणि येणारे गव्हर्नर जॉन व्होल्पी रिपब्लिकन होते. म्हणून केनेडींना घाई होती. २२ डिसेंबर १९६० रोजी त्यांनी जागा सोडली, आणि फर्कोलो यांनी जाता जाता बेंजामिन स्मिथ यांना नेमलं. स्मिथ हे केनेडींचे हार्वर्डमधले सोबती, एका खोलीत राहिलेले. त्यांनी १९६२ ची निवडणूक लढवली नाही. सिनेटसाठी किमान वय ३० वर्षं लागतं. केनेडींचे धाकटे भाऊ एडवर्ड यांना ती फेब्रुवारी १९६२ मध्ये पूर्ण झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती जागा जिंकून पुढे ते २००९ पर्यंत, मृत्यूपर्यंत, सिनेटमध्ये राहिले.

एकाने विरोधी गव्हर्नर जाण्याची वाट पाहिली, दुसऱ्याने आपला गव्हर्नर असेपर्यंत उरकून घेतलं. दोघांनीही कायदा मोडला नाही. पण सिनेटरची जागा मतदारांनी दिलेली असते, आणि ती कुणाकडे जावी याचा निर्णय या दोन्ही वेळा एका व्यक्तीने कॅलेंडर बघून घेतला. मला हे मनापासून खटकतं.

या पार्श्वभूमीवर ओबामांची तारीख बघा. इलिनॉयचे गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच त्यांच्याच पक्षाचे होते, आणि ते काही जानेवारीत जाणार नव्हते. म्हणजे हार्डिंगसारखं थांबायचं कारण नाही, केनेडींसारखी धावपळ करायचंही नाही. मग १६ नोव्हेंबरच का? कारण १७ तारखेपासून मावळत्या काँग्रेसचं अधिवेशन पुन्हा बसत होतं आणि समोर वाहन कंपन्यांना मदत देण्याचा विषय होता. निर्वाचित अध्यक्ष त्या सभागृहात शंभरातला एक सदस्य म्हणून बसला असता, तर त्याच्या प्रत्येक 'हो'चा आणि 'नाही'चा अर्थ येणाऱ्या सरकारचं धोरण म्हणून लावला गेला असता, आणि तेही जॉर्ज बुश अजून अध्यक्ष असताना. गैरहजर राहिले असते, तर इलिनॉयच्या मतदारांचं एक मत बुडालं असतं आणि पगार मात्र चालू राहिला असता. यातून सुटायचा सरळ मार्ग राजीनामा हाच होता, आणि तो त्यांनी वेळेत घेतला. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. पुढे जे रामायण झालं त्याने तो चुकीचा ठरत नाही.

ते रामायण असं. ९ डिसेंबरला ब्लागोयेविच यांना अटक झाली. त्यांच्यावरच्या आरोपांपैकी एक थेट या रिकाम्या जागेबद्दल होता: जागा नेमायचा अधिकार आपल्या हातात आहे, तर त्याच्या बदल्यात काय पदरात पडेल, हे ते चाचपत होते. त्यांच्या दूरध्वनी संभाषणांचं ध्वनिमुद्रण तपास यंत्रणेकडे होतं. अटक झाली तरी गव्हर्नरपद जात नाही. जामिनावर सुटल्यावर ३० डिसेंबरला त्यांनी रोलंड बरिस यांचं नाव जाहीर केलं. राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट जेसी व्हाइट यांनी नेमणुकीच्या दाखल्यावर सही करायला नकार दिला. ६ जानेवारीला बरिस सिनेटच्या दारापर्यंत गेले आणि कागद अपुरे आहेत म्हणून परत पाठवले गेले. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नेमणूक वैध ठरायला त्या दुसऱ्या सहीची गरज नाही. अखेर १५ जानेवारी २००९ रोजी बरिस यांना शपथ मिळाली. म्हणजे आर्थिक संकट ऐन भरात असताना सव्वा कोटीहून अधिक लोकसंख्येचं राज्य जवळजवळ दोन महिने सिनेटमध्ये अर्ध्या प्रतिनिधित्वावर, दोनाऐवजी एकाच सिनेटरवर, होतं. ब्लागोयेविच यांना महिनाअखेरीस महाभियोगाने काढलं गेलं आणि पुढे शिक्षाही झाली. ती जागा नोव्हेंबर २०१० मध्ये रिपब्लिकन मार्क कर्क यांनी जिंकली.

दोष राजीनाम्याच्या तारखेचा नव्हता, रिकामी जागा भरण्याच्या पद्धतीचा होता. एकट्या माणसाच्या हातात, ना मुलाखत, ना मुदत, ना कुणाची संमती, असा अधिकार ठेवला की त्याची किंमत लावणारा कधीतरी भेटतोच.

आता बायडन. त्यांनी २००८ मध्ये दोन निवडणुका एकाच दिवशी लढवल्या होत्या. एक उपाध्यक्षपदाची, दुसरी डेलावेअरच्या सिनेट जागेची, आणि दोन्ही जिंकल्या. अनेक राज्यांचे कायदे याला परवानगी देतात. टेक्ससने तर पुढे केनेडींचे उपाध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन यांच्यासाठी १९५९ मध्ये मुद्दाम कायदा बदलून ही सोय केली होती. हेतू उघड असतो: वरचं पद हुकलं तर घरची जागा हातची जाऊ नये. जो लिबरमन यांची २००० मध्ये आणि पॉल रायन यांची २०१२ मध्ये अशीच सोय झाली. उपाध्यक्षपद मिळालं नाही, जुनी जागा राहिली. पण दोन्ही जिंकल्यावर काय? जॉन्सन यांनी ३ जानेवारी १९६१ ला सिनेटरपदाची नवी शपथ घेतली आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. पोटनिवडणुकीत ती जागा रिपब्लिकन जॉन टॉवर यांनी पटकावली. बायडन यांनी ६ जानेवारी २००९ ला सातव्यांदा शपथ घेतली, सिनेटर या नात्याने अफगाणिस्तान-पाकिस्तान-इराकचा दौरा केला आणि १५ जानेवारीला निरोपाचं भाषण करून जागा सोडली. त्यांच्या जागी कोण येणार हे डेलावेअरच्या गव्हर्नरांनी नोव्हेंबरातच जाहीर केलं होतं: त्यांचेच जुने सहायक टेड कॉफमन. त्यामुळे जागा एक दिवसही लोंबकळत राहिली नाही. उपाध्यक्षाला सत्तांतराच्या काळात अध्यक्षाइतकं धोरण ठरवायचं नसतं, म्हणून त्याचं थांबणं तितकं अवघडही होत नाही. कमला हॅरिस यांनी १८ जानेवारी २०२१ ला, शपथेच्या दोन दिवस आधी, जागा सोडली. मग २० तारखेला उपाध्यक्ष म्हणून सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसून स्वतःच्याच राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवरच्या नेमणुकीचा कागद त्यांनी वाचला आणि आलेक्स पडिया यांना शपथ दिली. जे. डी. व्हान्स यांनी १० जानेवारी २०२५ पासून ओहायोची जागा सोडली. तिथे गव्हर्नरांनी जॉन हस्टेड यांना नेमलं.

या सगळ्यांत चमत्कारिक अवस्था जेम्स गारफिल्ड यांची होती. १८८० च्या नोव्हेंबरात ते प्रतिनिधिगृहाचे (काँग्रेसच्या खालच्या सभागृहाचे) विद्यमान सदस्य, ओहायोच्या विधिमंडळाने आधीच निवडलेले भावी सिनेटर आणि निर्वाचित अध्यक्ष असे तिन्ही एकदम होते. प्रतिनिधिगृहाची जागा त्यांनी निवडणुकीनंतर आठवड्याभरात सोडली, सिनेटची नाकारली, आणि तिथे जॉन शर्मन गेले.

प्रतिनिधिगृहाचा विषय निघाला म्हणून एक फरक सांगतो, कारण लोक इथे नेहमी गोंधळतात. सिनेटची जागा गव्हर्नर भरू शकतो. प्रतिनिधिगृहाची जागा फक्त निवडणुकीनेच भरते, नेमणूक चालत नाही. त्यामुळे तिथे गेलेलं मत कित्येक महिने परत येत नाही. शिवाय मंत्रिपदासाठी नाव सुचवलं गेलेल्याला सिनेटची मंजुरी लागते, म्हणजे त्याचं पुढचं पद पक्कं नसतं. अशा माणसाने आधी राजीनामा देणं हा निव्वळ जुगार आहे. प्रतिनिधिगृहाचे सदस्य मॅट गेट्झ यांनी १३ नोव्हेंबर २०२४ ला, ॲटर्नी जनरलपदासाठी (अमेरिकेत हे न्यायखात्याचं मंत्रिपद) नाव जाहीर होताच, जागा सोडली आणि आठच दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. सोडलेली जागा काही परत मिळाली नाही. त्याच वेळी एलिस स्टेफॅनिक यांनी संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतपदासाठी नाव येऊनही जागा धरून ठेवली. मार्च २०२५ मध्ये सभागृहातलं बहुमत काठावरचं आहे म्हणून त्यांचं नामांकन मागे घेतलं गेलं, आणि त्या खासदारच राहिल्या. हिलरी क्लिंटन यांचा मार्ग मला सर्वांत नेटका वाटतो. २१ जानेवारी २००९ ला परराष्ट्रमंत्रिपदाला मंजुरी मिळाली, त्याच दिवशी सिनेटचा राजीनामा. पद पक्कं झालेल्या निर्वाचित अध्यक्षाने लवकर निघावं आणि पद पक्कं न झालेल्याने थांबावं, असं मी म्हणतो ते यामुळे.

जागा रिकामी असताना मतदाराचं काय होतं, याकडे बातम्यांत कुणी वळून बघत नाही. प्रतिनिधिगृहात सदस्य गेला की त्याचं कार्यालय बंद होत नाही. दारावरची नावाची पाटी निघते, मतदारसंघाच्या क्रमांकाची पाटी लागते, आणि कर्मचारी सभागृहाच्या क्लार्कच्या देखरेखीखाली काम चालू ठेवतात. अडकलेलं पेन्शन, माजी सैनिकाचा रखडलेला दावा, व्हिसाचा अर्ज, या फायली पुढे सरकतात. पण कुठल्याही विधेयकावर बाजू घ्यायची त्यांना मुभा नसते. म्हणजे कारकुनी मदत मिळते, आवाज मात्र मिळत नाही. राजीनाम्याची तारीख पक्षाच्या सोयीने पुढे-मागे करणाऱ्यांनी त्या कार्यालयात एकदा दिवसभर बसून बघावं.

आता आपल्याकडे. आपली रचनाच वेगळी आहे, कारण इथे पंतप्रधान आणि मुख्यमंत्री सभागृहाचे सदस्य असावेच लागतात. जो सदस्य नाही त्याला कलम ७५(५) आणि १६४(४) प्रमाणे सहा महिन्यांची मुदत मिळते. राष्ट्रपतींची गोष्ट निराळी. कलम ५९ सांगतं की राष्ट्रपती कुठल्याही सभागृहाचा सदस्य असणार नाही, आणि असा सदस्य निवडून आला तर पदग्रहणाच्या दिवशी त्याची जागा आपोआप रिकामी झाली असं मानलं जाईल. म्हणजे तिथे राजीनामा नाही दिला तरी अडत नाही.

खरी मेख आहे ती खासदार असलेल्या मुख्यमंत्र्यात. गिरिधर गमांग यांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये ओडिशाचं मुख्यमंत्रिपद स्वीकारलं, लोकसभेचा राजीनामा मात्र दिला नाही. १७ एप्रिलला वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर ते मत द्यायला आले. लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी यांनी निर्णय त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडला. ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला. सहा महिने संपले नव्हते, नियम मोडला नव्हता, आणि एका राज्याचं सरकार चालवणाऱ्या माणसाच्या मताने केंद्रातलं सरकार गेलं. पुढे हेच दुसऱ्या बाजूनेही झालं. योगी आदित्यनाथ मार्च २०१७ मध्ये उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झाले, जुलैतल्या राष्ट्रपती निवडणुकीत खासदार म्हणून मतदान केलं आणि सप्टेंबरात, विधान परिषदेवर आल्यावर, गोरखपूरची जागा सोडली. पृथ्वीराज चव्हाणही नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते. विधान परिषदेवर ते २०११ मध्ये आले. पक्ष कुठलाही असो, सवलत सगळ्यांनी घेतली आहे. या सहा महिन्यांत दुसऱ्या सभागृहात मतदान करता येणार नाही, एवढी एक ओळ कायद्यात यायला हवी, असं मला फार वर्षांपासून वाटतं.

दोन्हीकडे निवडून आलेल्यांसाठी मुदती ठरलेल्या आहेत. आमदार खासदार झाला तर १९५० च्या नियमांप्रमाणे चौदा दिवसांत आमदारकी सोडावी लागते. न सोडल्यास जाते ती खासदारकी, आमदारकी नव्हे. भल्याभल्यांना हे उलटं वाटतं. राजीनामा स्वतःच्या सहीने सभागृहाच्या अध्यक्षांच्या नावे द्यायचा. लोकसभेच्या नियमांत त्याचा एका ओळीचा नमुनाच दिलेला आहे. कारणं लिहिली असतील, तर अध्यक्ष ती वगळून वाचू शकतात. १९७४ च्या तेहतिसाव्या घटनादुरुस्तीपासून राजीनामा स्वेच्छेने दिला आहे की नाही याची खात्रीही अध्यक्षांनी करायची असते, कारण त्याआधी गुजरातेत आमदारांकडून दबावाने राजीनामे घेतले गेले होते.

राज्यसभेचा सदस्य लोकसभेवर निवडून आला की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६९ मुळे त्याची राज्यसभेची जागा आपोआप जाते. इथे राजीनामाही लागत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून पीयूष गोयल आणि उदयनराजे भोसले यांच्या जागा अशाच रिकाम्या झाल्या. आणि इथेही तारीख आडवी येतेच. २०१९ मध्ये गुजरातेतून राज्यसभेवर असलेले अमित शहा आणि स्मृती इराणी लोकसभेवर निवडून गेले. दोघांच्या राज्यसभेच्या जागा एका दिवसाच्या अंतराने रिकाम्या झाल्या. दोन्ही जागांची एकत्र निवडणूक झाली असती, तर संक्रमणीय मतपद्धतीत, म्हणजे पसंतीक्रम लावून मत द्यायच्या पद्धतीत, विधानसभेतल्या संख्याबळावर काँग्रेस पक्षाला एक जागा मिळण्यासारखी होती. निवडणूक आयोगाने नेहमीच्या प्रथेप्रमाणे दोन स्वतंत्र पोटनिवडणुका धरल्या. काँग्रेसचे परेश धनानी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, निवडणूक झाल्यावर निवडणूक याचिकेचा मार्ग खुला आहे असं सांगितलं. ५ जुलैला दोन्ही जागा भाजपला गेल्या. त्यातल्या एकीवर एस. जयशंकर आले.